आडवे नायडू, उभे गराडू

जाहिराती लावून झाल्यावर स्मरणिकेत एक पान रिकामं राहिलं आणि ते शब्दकोडं बनून माझ्या गळ्यात पडलं. आमच्या मंडळाची गणेशोत्सवाची स्मरणिका म्हणजे अध्यक्षांचं मनोगत, जमाखर्च, ज्येष्ठांचे सत्कार, मुलांची चित्रं आणि उरलेल्या जागेत साड्यांची दुकानं. शब्दकोडं आधीही असायचं, पण कुठल्यातरी जुन्या पेपरातून उचललेलं. त्यात साताऱ्याजवळचा घाट, कोकणातली खाडी, विदर्भातला तालुका. इंदुरात जन्मून इथल्याच हिंदी शाळेत शिकलेल्या पोरांनी ती खाडी कुठून आणायची? मग पान तसंच कोरं राहायचं आणि विसर्जनानंतर त्यावर भेळ खाल्ली जायची.

यंदा ठरलं की कोडं आपलं हवं. सिनेमा हवा, साहित्य हवं, क्रिकेट तर हवंच. "आणि जरा इंदूरचं वाटलं पाहिजे," अध्यक्ष म्हणाले. मी रोज सकाळी चहाबरोबर कोडं सोडवते, एवढ्या भांडवलावर काम माझ्याकडे आलं.

आधी चौकट ठरवायला बसले, कारण तिथेच मराठी कोड्याचं निम्मं नशीब ठरतं. कोडं हा प्रकार मुळात इंग्रजीतला. २१ डिसेंबर १९१३ च्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये आर्थर विन यांनी हिऱ्याच्या आकाराचं पहिलं कोडं छापलं. पुढे अमेरिकेत शिस्त अशी रुळली की प्रत्येक चौकोन आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत यायला हवा, शब्द किमान तीन अक्षरांचा हवा, आणि पान उलटं धरलं तरी काळे चौकोन जिथल्या तिथे दिसायला हवेत. इंग्रजीला ते परवडतं, सव्वीस अक्षरांत सगळा संसार. आपल्या एका चौकोनात व्यंजन, काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर असं सगळं कुटुंब राहतं. 'क'च्या चौकोनात 'का' चालत नाही आणि 'कां' तर त्याहून नाही. त्यामुळे अमेरिकन पद्धतीची भरगच्च चौकट मराठीत कुणी रचायला गेलं तर रचणाराच आडवा व्हायचा. आपल्याला ब्रिटिश पद्धतीची जाळी बरी. तिच्यात साधारण एक सोडून एक अक्षर दोन्हीकडून येतं, बाकीची अक्षरं एकट्याच्या जिवावर. मी नऊ बाय नऊची चौकट घेतली, आलेखाचा कागद, पेन्सिल आणि खोडरबर. पान उलटं धरून काळे चौकोन जुळवायचा हट्ट एका संध्याकाळपुरता केला आणि सोडला. स्मरणिका उलटी धरून बघतंय कोण?

मग नावांची यादी. इंदूरचं म्हटलं की नावं भराभरा येतात. होळकर, कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, लता मंगेशकर, राहुल द्रविड, नरेंद्र हिरवाणी, जॉनी वॉकर. आताच्या पोरांसाठी रजत पाटीदार. साहित्यातून कुसुमाग्रज, गोविंदाग्रज, खांडेकरांची 'ययाति'. सिनेमातून 'सैराट'. शिवाय इंग्लंडचा क्रिकेटपटू डेनिस कॉम्प्टन, कारण तो दुसऱ्या महायुद्धात लष्करातल्या नोकरीनिमित्त इंदूरजवळच्या महूला होता आणि इंदूर संस्थानच्या होळकर संघाकडून खेळला, ही गोष्ट शेजारच्या नानांनी मला इतक्या वेळा सांगितलीय की त्याला वगळलं असतं तर त्यांनी माझ्याकडचा चहा बंद केला असता.

यादी करणं सोपं. प्रत्येक नाव चौकोनांत मांडून बघितलं की कळतं कोण नांदणार आणि कोण नाही. कॉम्प्टन हे 'कॉ', 'म्प्ट', 'न'. त्यातल्या 'म्प्ट' या चौकोनातून जाणारा उभा शब्द मराठीत शोधून दाखवा, मी मंडळातर्फे सत्कार करीन. जॉनी वॉकर यांच्या नावात 'जॉ' आणि 'वॉ'. मुंबईत बेस्टच्या बसचा कंडक्टर असलेला हा इंदूरचा माणूस पडद्यावर कुठेही सहज मावला, माझ्या चौकटीत मात्र मावेना. वॉचमन आणि वॉर्ड यांच्या आधाराने त्याला उभं करता आलं असतं, पण कोड्यात इंग्रजी शब्दांची रांग लागली की मराठी माणूस नाक मुरडतो. दोघांनाही उत्तरातून काढलं. कॉम्प्टनला सूचकात, म्हणजे उत्तराची खूण सांगणाऱ्या ओळीत, घेतलं, ते पुढे सांगते.

'मुश्ताक'पाशी मात्र मी उगाच घाबरले होते. 'मु', 'श्ता', 'क'. मधला 'श्ता' बघून वाटलं, हाही गेला. कॉम्प्टनचा भाऊच. सकाळी पोह्यांवर शेव टाकता टाकता लक्षात आलं, अरे, हे काय समोर ताटलीत आहे? नाश्ता! 'ना' वर, 'श्ता' खाली. मराठीत 'श्ता' असलेला दुसरा रोजचा शब्द मला अजून सापडलेला नाही, आणि इंदूरच्या माणसाला तर तो सांगायलाच नको. त्याचं सूचक लिहिलं: 'इंदुरात पोहे-जिलेबी, इतरत्र काहीही (२)'. कंसातला आकडा घरांचा. मुश्ताक अलींचं सूचक: 'परदेशात कसोटी शतक ठोकणारा पहिला भारतीय, १९३६, ओल्ड ट्रॅफर्ड (३)'. साल आणि मैदान माहीत नसलं तरी नाश्ता आला की मधलं घर भरतं, आणि मग 'कुणीतरी श्ता कुणीतरी' एवढ्यावरून निदान नानांच्या पिढीला नाव आठवतं.

नायडूंचं घोडं 'डू'वर अडलं. तसे 'डू'चे शब्द आहेत, लाडू, झाडू, भिडू, खेळाडू. 'खेळाडू' फार सरळ होता आणि 'झाडू' कर्नलसाहेबांना शोभेना. मी लाडू बसवलाही होता. भाची म्हणाली, "आत्या, गराडू घाल ना, सराफ्यातले." ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: गराडू हा जाडजूड कंद, हिवाळ्यात सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या सराफा बाजारातल्या खाऊगल्लीत, रात्री तळून, वर लिंबू पिळून आणि मसाला भुरभुरून देतात. 'ग', 'रा', 'डू'. वरून गराडू खाली उतरले आणि नायडूंच्या शेवटच्या घरात येऊन थांबले. या एका चौकोनाने मला जितका आनंद दिला तितका बाकी सगळ्या चौकटीने मिळून दिला नाही.

हिरवाणी आणि राजवाडा दोघांच्याही तिसऱ्या घरात 'वा', तिथे दोघं एकमेकांना सहज भेटले. 'सैराट'च्या 'सै'वरून खाली सैनिक उतरवला, महू अर्ध्या तासावर असताना सैनिक शोधायला लांब जायला नको. 'द्रविड'च्या 'द्र'वर वरून समुद्र आणून सोडला. त्याचं सूचक, 'इंदुरात एवढंच नाही (३)'. यावर पुढे पुष्कळ लोकांनी मला इंदुरात काय काय नाही याची यादी ऐकवली.

इथपर्यंत झालं ते सांधणं. खरी गंमत सूचकांत आहे, आणि माहितीवर आधारलेल्या सूचकाबद्दल माझं मत ठाम आहे. ज्याला ठाऊक आहे त्याला चटकन आणि ज्याला ठाऊक नाही त्याला कधीच नाही, असं सूचक म्हणजे स्पर्धा परीक्षेतला प्रश्न. कोड्यातल्या सूचकाला दोन कड्या हव्यात, एक धरता आली नाही तर दुसरी धरता यावी. 'भारताचा पहिला कसोटी कर्णधार, १९३२, लॉर्ड्स (३)' हे नायडूंचं सूचक बरोबर आहे, पण एका कडीचं. त्यात मी जोडलं, 'क्रिकेट मंडळाचा जीवनगौरव पुरस्कार यांच्या नावाने देतात'. पुरस्कार सोहळा टीव्हीवर बघणाऱ्या पोरांना ही दुसरी कडी सापडते.

सगळ्यात लाडकं सूचक सरवट्यांचं. चंदू सरवटे होळकर संघाचे. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात ओव्हलवर सरे काउंटीविरुद्ध ते दहाव्या क्रमांकावर आले, शूट बॅनर्जी अकराव्या, आणि दोघांनीही शतकं केली. शेवटच्या जोडीने २४९ धावा जोडल्या. दहा आणि अकरा क्रमांकाच्या माणसांनी! पण हे आता किती जणांना ठाऊक? इंदूरच्या प्रत्येक माणसाला मात्र सरवटे बस स्टँड ठाऊक. ते नाव वेगळ्या सरवट्यांचं, संविधान सभेचे सदस्य असलेले तात्या सरवटे यांचं. माणसं दोन, आडनाव एक. सूचक असं झालं: 'ओव्हलवर दहाव्या क्रमांकावर येऊन शतक, याच आडनावाच्या दुसऱ्या सद्गृहस्थांच्या नावाने आपण बस पकडतो (४)'. लांबलचक आहे, मान्य. पण क्रिकेटचं काही कळत नसलं तरी खंडवा-खरगोनला जाणारा कुणीही ते सोडवू शकतो.

द्रविडसाठी 'इंदुरात जन्मलेली, बंगळुरात वाढलेली भिंत (३)'. यावर कुणाचा वाद नव्हता. वाद झाला तो लतादीदींवरून. मी लिहिलं होतं: '१९२९ साली इंदूरच्या शीख मोहल्ल्यात उगवलेली वेल (२)'. लता म्हणजे वेल, कडी दुसरी आपोआप आली, मी खूश. नानांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"उगवली तेव्हा लता नव्हती ती."

"म्हणजे?"

"हेमा नाव होतं. गडकऱ्यांच्या 'भावबंधन' नाटकात मास्टर दीनानाथांचं लतिकेचं काम होतं, त्यावरून लता झाली पुढे. जन्मसाल लिहितेस तर नाव जन्माचं लिही."

नाना इंदूरच्या जुन्या न्यायालयात कारकून होते, तारखेला तारीख आणि नावाला नाव जुळलं नाही तर कागद परत फिरवायची सवय. पण म्हणणं बिनतोड. मी सूचक फिरवलं: 'शीख मोहल्ल्यात हेमा म्हणून जन्मली, गडकऱ्यांच्या नाटकामुळे वेल झाली (२)'. आधीच्यापेक्षा चांगलं झालं, आणि वर एक फायदा असा की गडकरी चौकटीत शिरले.

गडकरी हवेच होते, कारण 'अग्रज'चा पेच मला घालायचा होता. राम गणेश गडकरी कवितेत गोविंदाग्रज, वि. वा. शिरवाडकर कुसुमाग्रज. दोन्ही नावं पाच घरांची, दोन्हींच्या शेवटी 'ग्र' आणि 'ज'. सूचक दोघांना चालेल असं ठेवलं: 'धाकट्या भावंडाच्या नावामागे लपलेला कवी (५)'. 'ग्र'मधून 'आग्रह' उभा जातो, म्हणजे चौथं घर आलं तरी कवी कोण ते कळत नाही. निकाल लावतं ते दुसरं घर. तिथून खाली 'जेवणानंतर अडकित्त्याखाली (३)', म्हणजे सुपारी. 'सु' आला की गोविंदा निघून जातो आणि कुसुम राहते. यात काव्याची परीक्षा काहीच नाही, पण पेन्सिलीने 'गोविंदाग्रज' ठासून लिहिलेल्या माणसाला सुपारी खोडायला लावते की आपला कवी खोडायला लावते, हे बघायची मला फार उत्सुकता होती. (तिघांनी सुपारीच्या जागी 'विंचरी' असं काहीतरी लिहून कवी राखला. काय म्हणावं!)

आता 'ळ'. इंदूरच्या मराठी घरांतला हा जुना सल. शाळेत हिंदी, रस्त्यावर हिंदी, स्टेडियमवर पाटी 'होलकर'. घरी आपण 'होळकर' म्हणतो, पण लिहायची वेळ आली की पोरांचा हात 'ल'कडे वळतो. चौकटीतलं दुसरं घर 'ळ' असणार हे त्यांना सांगायचं कसं? 'होळकर'च्या डोक्यावर 'सकाळ' उभी केली. 'सकाळ'ला कुणी 'सकाल' लिहीत नाही, निदान अजून तरी. 'होळकर'चं सूचक कॉम्प्टनसाठी राखून ठेवलं होतं: 'मार्च १९४५ च्या रणजी अंतिम सामन्यात डेनिस कॉम्प्टन या संघाकडून नाबाद २४९ (४)'. तो सामना मुंबईने जिंकला, कॉम्प्टनची खेळी वाया गेली. गंमत म्हणजे सरवटे-बॅनर्जी जोडीचा आकडाही २४९ च. हे लक्षात आल्यावर मी दोन्ही आकडे पुन्हा तपासले, मला वाटलं कागद पलटताना माझीच नजर घसरली असावी. दोन्ही खरे निघाले.

होळकर संघाने रणजी करंडक किती वेळा जिंकला यावर मंडळाच्या बैठकीत तीन आकडे ऐकले. जिंकला चार वेळा: १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. जो जास्त सांगतो तो अंतिम सामन्यात हरलेली वर्षं मोजत असतो, कारण त्या दशकात हा संघ जवळजवळ दरवर्षी अंतिम सामन्यात असायचा. असा ऐकीव आकडा सूचकात गेला तर छापील होतो आणि पुढच्या पिढीला तोच पाठ होतो. म्हणून प्रत्येक सूचकातला आकडा दोन ठिकाणी बघायचा, हा नियम मी पाळला. हिरवाणीच्या पदार्पणातल्या १६ बळींचाही. १९८८, मद्रास, वेस्ट इंडिज, दोन्ही डावांत आठ-आठ. जुळलं.

ऱ्हस्व-दीर्घाबद्दल फार बोलत नाही, नाहीतर पान पुरणार नाही. १९६२ च्या नियमांप्रमाणे आपण 'कवी' दीर्घ लिहितो, जुन्या पुस्तकांवर 'बालकवि' ऱ्हस्व छापलेलं असतं आणि हिंदीत तर ते 'कवि'च. म्हणून शेवटच्या घरात 'वी' किंवा 'ति' येणारी नावं मी दोन शब्दांच्या सांध्यावर आणली नाहीत. एकट्या घरात ज्याला जसं लिहायचं तसं लिहू दे.

चौकट भरली, सूचकं झाली. आता चाचणी. कोडं रचणाऱ्याने आपलं कोडं स्वतः सोडवून बघण्याला काही अर्थ नसतो. मी चार प्रती काढल्या. एक नानांना, एक भाचीला, एक वहिनीला आणि एक त्या दिवसांत पुण्याहून आलेल्या मावसबहिणीला. पहिले दोघं आपापल्या शतकात बसले. नानांनी नायडू, मुश्ताक, सरवटे एका दमात भरले आणि 'पाटीदार'पाशी अडले. सूचक होतं, '२०२२ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध शतक; २०२५ मध्ये बंगळूरला पहिलं आयपीएल जिंकून देणारा इंदूरचा कर्णधार (४)'. भाची पाटीदार भरून मोकळी, तिला मुश्ताक अली आठवेना. "आत्या, हे कोण असतात?" नाना खुर्चीतून उठायचेच बाकी होते.

मला बघायचं होतं ते वहिनीचं. तिला क्रिकेटमध्ये रस नाही, कादंबऱ्या तिने सोडल्यात, पण तिची भाषा पक्की. तिच्यासाठी म्हणून मी चौकटीत एक जागा मुद्दाम तशीच ठेवली होती. नायडूंच्या मधल्या 'य'पासून खाली 'ययाति' उतरत होता.

अमेरिकेतल्या कोडेबाजांत अशा जागेला एक नाव आहे, नेटिक. २००८ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या एका कोड्यात बोस्टन मॅरेथॉनच्या आठव्या मैलावरचं गाव आणि 'ट्रेझर आयलंड'ची १९११ ची चित्रं काढणारा चित्रकार हे दोन शब्द एकमेकांना छेदत होते. गाव नेटिक, चित्रकार एन. सी. वायेथ, सामाईक अक्षर एन. धावण्यातलंही कळत नाही आणि चित्रांतलंही, त्याने ते एक घर भरायचं कसं? तर्काला जागाच नाही. तेव्हापासून दोन अनोळखी विशेषनामं जिथे एकमेकांत अडकतात, त्या घराला त्या गावाचं नाव चिकटलं.

वहिनी बरोबर तिथेच थांबली. "ताई, हे बघा, आडवं 'ना' काहीतरी 'डू'. उभं कादंबरीचं नाव, पहिलंच अक्षर नाही. मधे मी काय घालू, श्री?"

पुढचं ऐकायचीही गरज नव्हती. ययातिला तिथून उचललं. जागी काय आणायचं हा प्रश्न होता. 'य'च्या वर जायची सोय नव्हती, कारण शेजारच्या रांगेत गराडू उभे होते आणि दोन उभे शब्द खेटून आले असते. खालीच उतरायचं, 'य'ने सुरू होणारा, तीन घरांचा, घराघरांतला शब्द. 'यमक' मिळालं. सूचक, 'गूळ आणि मूळ यांचं जुळतं (३)'. वहिनीने ते क्षणात भरलं आणि मग नायडूही भरले. "हे मला माहीत होते की," असं म्हणाली. आठवत नव्हते, एवढंच. ययातिला खालच्या कोपऱ्यात हलवलं, चहूबाजूंनी साधे शब्द लावले आणि सूचकाला दुसरी कडी जोडली: 'खांडेकरांची कादंबरी, मुलाचं तारुण्य मागून घेणारा राजा (३)'. महाभारत टीव्हीवर बघितलेल्याला खांडेकर नसले तरी राजा आठवतो.

मावसबहिणीची गोष्ट वेगळी. 'सरवटे'च्या 'टे'वर उभा 'बटाटे' येत होता, सूचक 'काही जण पोह्यांत घालतात (३)'. तिने वाटाणे लिहिलं. घरं तीन, मधला 'टा' जुळला, आणि शेवटी 'णे' आल्यामुळे बस स्टँडचं नाव झालं सरवणे. "असेल तुमच्याकडे एखादे सरवणे," ती म्हणाली. बिचारीला ना ओव्हल ठाऊक ना बस स्टँड. तिच्यासाठी सूचक सैल करावं का, असा विचार आला. पण इंदूरच्या स्मरणिकेत पुण्याची किती काळजी करायची? तसंच ठेवलं.

छपाईचं फार सांगण्यासारखं नाही. अक्षरजुळणी करणारा मुलगा हिंदी भाषक, हुशार, पण त्याने उत्तरांच्या चौकटीत 'होळकर'चा 'होलकर' करून टाकला, सवयीने. सकाळही मग 'सकाल' झाली. शेवटच्या क्षणी दिसलं म्हणून बरं. काळे चौकोन राखाडी झाले होते ते मात्र राहून गेले, लोकांनी त्यातही अक्षरं भरली.

भरलेली पानं आरतीच्या वेळी डब्यात टाकायची होती. डबा उघडला तेव्हा अंदाजापेक्षा जास्त पानं निघाली आणि बहुतेकांवर दोन हातांची अक्षरं. वरच्या ओळी थरथरत्या शाईपेनात, खालच्या जेल पेनात, मधे कुठेतरी खाडाखोड. एका पानावर 'मुश्ताक' आजोबांचा आणि 'पाटीदार' नातवाचा हे अक्षरावरून उघड दिसत होतं. नियमात 'एकट्यानेच सोडवावे' असं कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि कुणी लिहा म्हटलं असतं तरी मी लिहिलं नसतं.

तपासताना दोन गोष्टींवर समितीत खल झाला. 'ययाती' दीर्घ लिहिलेलं चालवायचं का? चालवलं. 'होलकर' आणि वर 'सकाल', अशी सुसंगत चूक केलेलं एक पान होतं, ते चालवायचं का? अध्यक्ष म्हणाले, मुलगा सहावीतला आहे, जाऊ द्या. मी म्हटलं, बक्षीस द्या, पण पानावर लाल शाईने 'ळ' काढून परत द्या. तसं केलं.

आणि मग त्या काकूंचं पान. अक्षर देखणं, एकही खाडाखोड नाही, सगळी घरं बरोबर. 'बटाटे'सुद्धा बरोबर भरलेलं. पण सूचकावर काट मारून समासात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'इंदुरात पोह्यांत बटाटे घालत नाहीत. पोहे वाफेवर, वर कांदा, शेव, जीरावण. हे सूचक बाहेरच्यांसाठी आहे काय?' खाली सही. दुसरं बक्षीस त्यांनाच मिळालं. बक्षीस घ्यायला मंचावर आल्या, अध्यक्षांनी दोन शब्द बोला म्हणून माइक पुढे केला, तर त्या आधी पोह्यांवर बोलल्या आणि मग जिलेबीवर, आणि माइक परत घ्यायला सूत्रसंचालिकेला तीनदा पुढे यावं लागलं.